बहिणाबाई : एका शेतकरणीचे जगणे

मराठी साहित्याच्या इतिहासात बहिणाबाई नावाच्या दोन स्त्रिया मोठ्या मानाने उभ्या आहेत. एक सतराव्या शतकातील, संत तुकारामांच्या शिष्या. दुसऱ्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. या लेखात मी दुसऱ्या बहिणाबाईंविषयी लिहिणार आहे. त्यांची कविता आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचली आहे, पाठही केली आहे. त्यांच्या आयुष्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ते वाचताना मला सारखे वाटत राहिले, की हे तर आपल्या चंदगड तालुक्यातील कोणत्याही शेतकरी घरच्या बाईचे आयुष्य! फरक आहे तो एका गोष्टीचा, आणि त्या एका गोष्टीसाठीच हा लेखनप्रपंच.

जळगावजवळच्या असोदे गावी महाजनांच्या घरात २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. तीन भाऊ, तीन बहिणी असे भरलेले घर. पुण्यात फुले दांपत्याने १८४८ साली मुलींसाठी शाळा काढली, त्याला तोवर बत्तीस वर्षे होऊन गेली होती. पण ते वारे असोद्याच्या शेतकरी घरापर्यंत पोचले नव्हते. बहिणाबाईंच्या हाती पाटी आली नाही ती अखेरपर्यंत. अक्षरओळख नसलेली ही बाई पुढे मराठीतील थोर कवयित्री ठरली, हे आपण परीक्षेत एका वाक्यात लिहून मोकळे होतो. त्या एका वाक्यामागे एकाहत्तर वर्षांचे कष्ट आहेत.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासर मोठे, एकत्र कुटुंबाचे. अशा घरातील सुनेचा दिवस कसा असतो हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. पहाटे जात्यावर बसायचे, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या, गुराढोरांचे पाहायचे आणि उन्हे चढायच्या आत शेत गाठायचे. संध्याकाळी परतून पुन्हा चूल. पेरणी, कापणी, मळणी, वाऱ्यावर धान्य उफणणे ही सगळी कामे बहिणाबाईंच्या अंगवळणी होती. त्यांच्या गाण्यांचे विषय पाहावेत तर तेही हेच. मोट, जाते, बैलांचा पोळा, माहेरची वाट, आखाजीचा सण, सुगरणीचा खोपा. कवितेसाठी विषय शोधायला त्यांना कुठे जावे लागले नाही. जे हातात होते तेच ओठांवर आले.

त्यांना तीन मुले झाली. ओंकार, सोपानदेव आणि मुलगी काशी. वयाच्या तिशीच्या सुमारास नथूजींचे निधन झाले आणि ऐन उमेदीत त्यांना वैधव्य आले. त्या काळी विधवेची स्थिती काय होती हे आपण इतिहासात वाचतो. अशा स्थितीत त्यांनी शेत सोडले नाही, मुलांना मोठे केले. दुसरा घाव प्लेगचा. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या या रोगाने पुढे अनेक वर्षे गावेच्या गावे ओस पाडली. चौधरींच्या घरात थोरला ओंकार त्यातून वाचला, पण कायमचा अपंग झाला. घरातील कर्ता पुरुष गेलेला आणि थोरला मुलगा असा. आपल्या वैधव्यावरही बहिणाबाईंनी गाणे केले आहे. त्यात दुःख आहे, पण कीव मागणे नाही.

आता त्या एका गोष्टीकडे वळतो. बहिणाबाई गाणी रचीत त्या काम करता करता. जात्याची घरघर आणि चुलीचा धूर हीच त्यांची बैठक. लिहिता येत नसल्यामुळे गाणे गायले की ते हवेत विरून जायचे. पण घरात सोपानदेव होते. ते शिकले, पुढे स्वतः कवी म्हणून नावाजले गेले. त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने आईची काही गाणी वेळोवेळी वहीत उतरवून घेतली. बाकीची किती तरी वाऱ्यावर गेली.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचे निधन झाले. त्या दिवशी त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. जगाच्या दृष्टीने त्या दिवशी गेली ती एक म्हातारी शेतकरीण. अशा बायका रोजच जातात. अंगणात चार माणसे जमतात, तेराव्याला जेवण होते आणि पेरणी आली की घर पुन्हा शेताकडे वळते. बहिणाबाईंचेही तसेच झाले असते. पण सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांसारख्या जाणत्या माणसाने तिचे मोल ओळखले आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. आईला जाऊन पुरते वर्षही लोटले नव्हते, तोच सारा महाराष्ट्र तिला ओळखू लागला. पुढे २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. जिने कधी शाळेचा उंबरठा ओलांडला नाही तिचे नाव आज हजारो पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर छापलेले असते.

आपला चंदगड खानदेशापासून फार दूर. तिकडे काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि भाजून काढणारे ऊन. इकडे तांबडी माती, भात, नाचणी आणि पावसाळाभर डोक्यावरून न उतरणारी खोळ. पण बाईचे जगणे तेच. आपल्या भागातील कित्येक घरांतले पुरुष पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांतले बरेच गावी परतले. तोवर घरची शेती कोणी केली? चिखलात उभे राहून लावण कोणी केली, भांगलण कोणी केली, म्हातारी माणसे, जनावरे आणि मुलांची शाळा कोणी सांभाळली? नवरा हयात असून या बायकांनी बहिणाबाईंसारखाच एकटीने संसार ओढला. तरी सातबारावर नाव बहुधा पुरुषाचे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे ‘घरकाम’ एवढाच शब्द असतो.

या बायकांनीही जात्यावर ओव्या गायल्या, लावणीच्या वेळी गाणी म्हटली. कोकणी आणि कानडीच्या शेजारात वाढलेल्या आपल्या चंदगडी बोलीत ती गाणी होती. ही बोली बाहेर बोलताना आपण संकोचतो. बहिणाबाईंची गाणीही त्यांच्या घरच्या बोलीतच आहेत. ती प्रमाण मराठीत घासूनपुसून छापली असती तर त्यांतला जीवच गेला असता. परीक्षेत प्रमाण भाषा लिहावी हे योग्यच. पण घरच्या बोलीलाही कविता पेलते, हे त्या पुस्तकाने कायमचे सिद्ध केले आहे.

माझी आजी चार वर्षांपूर्वी वारली. गावात पिठाची गिरणी आली, जाते बंद पडले, आणि जात्याबरोबर ओव्याही थांबल्या. आजीला किती ओव्या येत होत्या याचा हिशेब कोणाकडे नाही. आईला त्यांतल्या दहा-बारा आठवतात. तुमच्याही घरी याहून वेगळे चित्र नसेल. बहिणाबाई आणि आमची आजी यांच्या प्रतिभेची तुलना मी करीत नाही, तो माझा अधिकार नाही. पण बहिणाबाई आपल्याला मिळाल्या त्या केवळ प्रतिभेमुळे नव्हे, तर घरात ऐकून घेणारा मुलगा आणि एक वही होती म्हणून. कॉलेजात शिकणारी मुले आज चंदगडच्या गावोगावी आहेत. म्हणजे सोपानदेवांची उणीव आता राहिलेली नाही.

आईला आठवतात त्या ओव्या मी दिवाळीच्या सुट्टीत लिहून काढल्या, तिच्या तोंडचा एकही शब्द न बदलता. त्यांत कविता किती आहे ते आमचे प्राध्यापक सांगतील. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांकडे पुढच्या सुट्टीत जायचे ठरले आहे.