जेम्स बर्जेस

जेम्स बर्जेस (१४ ऑगस्ट, १८३२ – ३ ऑक्टोबर, १९१६) हे स्कॉटिश गणितशिक्षक, पुरातत्त्वज्ञ आणि भारतीय वास्तुकलेचे अभ्यासक होते. पश्चिम भारतातील लेण्यांची मोजमापे, नकाशे आणि शिलालेख एकत्र करून ते पद्धतशीरपणे प्रसिद्ध करण्याचे काम त्यांनी केले. मावळातील कार्ले, भाजे व बेडसे या लेण्यांच्या अभ्यासात त्यांचे ग्रंथ आजही पाहावे लागतात.

पूर्वजीवन

बर्जेस यांचा जन्म स्कॉटलंडमधील डम्फ्रीजशायर परगण्यात किर्कमाहो येथे झाला. १८५५ साली ते कलकत्त्याच्या डव्हटन कॉलेजात गणित शिकवण्यासाठी भारतात आले. १८६१ मध्ये ते मुंबईस आले व सर जमशेटजी जीजीभाई पारसी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. शाळेचे काम सांभाळून त्यांनी शत्रुंजयाच्या मंदिरांवर (१८६९) आणि घारापुरीच्या लेण्यांवर (१८७१) पुस्तके लिहिली. १८७२ साली त्यांनी 'इंडियन अँटिक्वरी' हे नियतकालिक सुरू केले व १८८४ पर्यंत त्याचे संपादन केले. १८७३ साली पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

मावळातील लेणी

१८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि लोणावळ्याच्या परिसरातील लेणी मुंबईच्या अभ्यासकांना जवळ आली. बर्जेस यांनी ही लेणी 'शोधून काढली' असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि तेथे भाविकांची ये-जा कधी थांबलेली नव्हती. युरोपीय अभ्यासकांनीही बर्जेस यांच्या आधी या लेण्यांवर लिहिले होते. वास्तू-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी १८४० च्या दशकातच त्यांची चर्चा केली होती. उणीव होती ती अचूक मोजमापांची आणि लेखांच्या विश्वसनीय वाचनाची. ती भरून काढण्यास गणिताच्या शिक्षकाची शिस्त उपयोगी पडली.

फर्ग्युसन व बर्जेस यांचा 'केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८८० साली निघाला. त्यातील पश्चिम भारताचा भाग बर्जेस यांचा आहे. त्यामागचा मुख्य विचार असा, की ही लेणी म्हणजे लाकडी इमारतींची दगडात केलेली प्रतिकृती होय. भाज्याच्या चैत्यगृहातील खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी छताचा भार पेलण्यासाठी खांब असे तिरपे उभे करावे लागत. अखंड कातळात त्याची काहीच गरज नाही. तेथे दर्शनी भागही लाकडाचा होता, तो नष्ट झाला. बेडशाला खांबांचा कल कमी झाला आणि दर्शनी भाग दगडात आला. कार्ल्याला खांब सरळ उभे राहिले. म्हणजे कारागिरांचा दगडावरील विश्वास जसजसा वाढत गेला, तसतसे लाकडाचे अनुकरण कमी होत गेले, आणि त्यावरून लेण्यांचा क्रम लावता येतो. नॉर्वेमध्ये बाराव्या शतकातील काही लाकडी चर्चे अजून उभी आहेत. मावळात त्याहून कितीतरी जुनी लाकडी घरे व सभागृहे कशी होती, हे मात्र कातळावरूनच ताडावे लागते. त्या दृष्टीने भाजे व कार्ले येथे छताला टिकून राहिलेल्या लाकडी फासळ्या आणि कार्ल्याच्या स्तूपावरील लाकडी छत्र हे फार मोलाचे अवशेष आहेत.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच असून त्यात ३७ खांब आहेत. फर्ग्युसन यांनी त्याची तुलना इंग्लंडमधील नॉर्विचच्या कॅथेड्रलशी केली होती. या दोघांनी कार्ल्याचा काळ इ.स.पूर्व पहिल्या शतकात धरला. पुढील अभ्यासक ते सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मानतात. भाजे, बेडसे, कार्ले हा क्रम मात्र बहुतांशी टिकला आहे.

शिलालेख आणि भगवानलाल इंद्रजी

लेण्यांतील ब्राह्मी लेखांच्या वाचनात जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांचा वाटा मोठा होता. १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेख-संग्रहावर बर्जेस यांच्यासोबत त्यांचेही नाव आहे. त्या काळी हिंदी विद्वानांच्या श्रमांची अशी नोंद नेहमीच होत असे असे नाही. या लेखांमुळे लेणी कोणी खोदविली हे कळले. कार्ल्याला वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकट येथील यवन आणि गावाचे दान देणारा नहपानाचा जावई उषवदात, तर बेडशाला नाशिकच्या श्रेष्ठीचा पुत्र, अशी दात्यांची नावे त्यांत येतात. केवळ राजांनीच नव्हे, तर घाटमार्गाने व्यापार करणाऱ्यांनीही ही वास्तू उभी केली, हे त्यावरून स्पष्ट होते. लेण्यांचे विवरण व लेख यांवरील सविस्तर अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला.

उत्तरायुष्य

१८८१ मध्ये दक्षिण भारताचे सर्वेक्षणही बर्जेस यांच्याकडे आले आणि १८८६ ते १८८९ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. १८८८ पासून त्यांनी 'एपिग्राफिया इंडिका'चे प्रकाशन सुरू केले. निवृत्त होताना महासंचालकाचे पद रद्द करावे, अशी शिफारस त्यांनी केली. ती मान्य झाली आणि सर्वेक्षणाचे काम विस्कळीत झाले. १९०२ साली जॉन मार्शल यांची नेमणूक होईपर्यंत ते पद रिकामेच होते. इतकी वर्षे ज्याने संस्था बांधली त्यानेच ही शिफारस करावी, हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणावा लागेल.

निवृत्तीनंतर एडिंबरा येथे राहून त्यांनी अहमदाबादच्या मुस्लिम वास्तुकलेवरील खंड पूर्ण केले. गणितही सुटले नव्हते. संभाव्यताशास्त्रात लागणाऱ्या एका फलनाची विस्तृत कोष्टके त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केली आणि त्याबद्दल त्यांना एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे कीथ पदक मिळाले. फर्ग्युसन यांच्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासाची सुधारित आवृत्ती १९१० मध्ये निघाली, तिच्या भारतीय भागाचे संपादनही त्यांचेच आहे. ३ ऑक्टोबर, १९१६ रोजी एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले.