हिशेब जुळवणारा शास्त्रज्ञ : आंत्वान लव्हाझिए

शाळेच्या प्रयोगशाळेत आपली मुले-नातवंडे घनतेचा प्रयोग करतात. तराजूवर दगडाचे वस्तुमान काढायचे, मोजपात्रातल्या पाण्यात तो दोऱ्याने सोडायचा, पाण्याची पातळी जितकी वाढली तितके त्याचे आकारमान. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता आली. पाण्याचे गणित तर सर्वांत सोपे, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे उत्तर इतके सरळ यावे यासाठी १७९३ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ज्या दोघांनी पाणी तोलले, त्यांपैकी एक होता आंत्वान लव्हाझिए. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याला शिरच्छेदाच्या यंत्राखाली, म्हणजे गिलोटिनखाली, मरण आले.

लव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घर सुखवस्तू. आई तो लहान असतानाच गेली. घरच्या रीतीप्रमाणे त्याने कायद्याची पदवी घेतली, पण ओढा विज्ञानाकडे होता. १७६८ साली, वयाच्या पंचविशीच्या आत, त्याला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला. त्याच वर्षी द्रवांची घनता अचूक कशी मोजावी यावर त्याने निबंध वाचला.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. सरकारी कर वसूल करण्याचा मक्ता घेणाऱ्या सावकारी मंडळात त्याने भागीदारी घेतली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली इजाऱ्याची पद्धत आपल्याला ठाऊक आहे. हा प्रकार तसाच होता. ठरलेली रक्कम राजाला आगाऊ द्यायची आणि मीठ, तंबाखू, जकात यांचे कर लोकांकडून वसूल करायचे. जास्त मिळेल तो नफा. या उत्पन्नातूनच त्याची महागडी उपकरणे आली. १७७१ मध्ये याच मंडळातले भागीदार पोल्झ यांच्या मुलीशी, मारी-ॲनशी, त्याचे लग्न झाले. ती तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती. पुढे ती इंग्रजी शिकली, त्याच्यासाठी शास्त्रीय लेखांचे भाषांतर करू लागली आणि त्याच्या ग्रंथातल्या उपकरणांच्या आकृत्याही तिनेच काढल्या.

दिवसभर कचेरी आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा असा त्याचा क्रम होता. आठवड्यातला एक दिवस मात्र पूर्ण प्रयोगांना राखलेला असे. पुढे तो हुंड्या वटवणाऱ्या एका मोठ्या बँकेचा संचालकही झाला. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला त्याच्या प्रयोगांची रीत लगेच ओळखीची वाटते. दिवसाअखेर जमा आणि नावे जुळलेच पाहिजेत. न जुळल्यास फरक कुठेतरी आहे, तो शोधायचा. लव्हाझिएने हाच नियम पदार्थांना लावला.

पाणी पुष्कळ आटवले की तळाशी माती उरते, म्हणून पाण्याची माती होते असे तेव्हा अनेकांना वाटे. लव्हाझिएने बंद काचपात्रात पाणी १०१ दिवस तापवत ठेवले. आधी पात्र, पाणी सगळे तोललेले होते. शेवटी पाहिले तर पाण्याच्या वजनात घट नव्हती. घट झाली होती ती पात्राच्या वजनात. खाली साचलेली माती म्हणजे झिजलेली काच होती.

दुसरा प्रयोग कथलाचा. धातू तापवून त्याची राख झाली की वजन वाढते, हे माहीत होते. रॉबर्ट बॉइलने शंभर वर्षांपूर्वी हा प्रयोग बंद भांड्यात केला होता, पण तोलण्याआधी भांडे उघडले आणि अग्नीचे कण काचेतून आत शिरतात असा निष्कर्ष काढला. लव्हाझिएने १७७४ मध्ये भांडे न उघडता तोलले. वजन तसूभरही बदललेले नव्हते. तोंड उघडताच हवा आत घुसली आणि वजन वाढले. म्हणजे वाढ हवेतून आली होती. हवेतल्या त्या भागाला त्याने पुढे ऑक्सिजन हे नाव दिले. १७८९ च्या त्याच्या ग्रंथात वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम स्पष्टपणे मांडलेला आहे.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली. गावोगावी वेगळी मापे असल्याने व्यापाऱ्यांकडून लोक नाडले जात, म्हणून साऱ्या देशाला एकच माप द्यायचे ठरले. लांबीसाठी मीटर ठरला. वजनासाठी एक घन डेसिमीटर पाण्याचे वजन घ्यायचे होते. हे काम लव्हाझिए आणि धर्मगुरू असलेले स्फटिकशास्त्रज्ञ आऊई यांच्याकडे आले. त्यांनी धातूचा एक सिलिंडर काळजीपूर्वक मोजला, तो आधी हवेत आणि मग शुद्ध पाण्यात तोलला. वजनात आलेली घट म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन. उत्तर आले जुन्या फ्रेंच मापाने १८,८४१ ग्रेन. १७९९ मध्ये इतरांनी हे काम पुन्हा केले, तेव्हा फरक निघाला सुमारे चौदा ग्रेनचा. किलोमागे पाऊण ग्रॅमही नाही.

तो फरक पाहायला लव्हाझिए नव्हता. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बंद झाली आणि नोव्हेंबरमध्ये करवसुलीच्या मक्तेदारांना पकडले गेले. मापांच्या समितीतर्फे बोर्दा आणि आऊई यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. त्या दिवसांत असा अर्ज करायलाही धाडस लागे. उपयोग झाला नाही. उलट लव्हाझिएचे नाव समितीतून काढले गेले. तंबाखूत पाणी मिसळल्याचा आरोप मंडळावर होता. ८ मे १७९४ रोजी एकाच दिवसात खटला चालून अठ्ठावीस मक्तेदारांना मृत्युदंड झाला. त्यांत त्याचे सासरेही होते. लव्हाझिए तेव्हा पन्नास वर्षांचा होता. दीड-दोन वर्षांत सरकारनेच शिक्षा अन्यायाची होती असे मानून त्याची मालमत्ता पत्नीला परत केली.

तो निर्दोष होता का? मिठावरच्या करात गरीब माणूस भरडला जात होता आणि त्या करातला वाटा लव्हाझिएच्या घरी येत होता, हे नाकारता येत नाही. वहीतले आकडे बरोबर असले म्हणजे व्यवहार न्याय्य असतोच असे नाही, हे आम्हा बँकवाल्यांनी तरी विसरू नये. पण त्या दोषाची शिक्षा शिरच्छेद नव्हे, आणि एका दिवसात उरकलेल्या खटल्यात हिशेब तपासला कोणी?

आपल्याकडे शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले ते १९५६ च्या कायद्याने, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. इंदूरच्या सराफ्यात बोलण्यात तोळा अजून आहे, पण काटा ग्रॅमच दाखवतो. मुलांच्या प्रयोगवहीत पाण्याची घनता लिहिली जाईल तेव्हा त्यांना एवढे जरूर सांगावे : हे माप सर्वांना सारखे मिळावे म्हणून ते ठरवले गेले, आणि ते पहिल्यांदा तोलणाऱ्यांपैकी एकाच्या वाट्याला मात्र नीट चौकशीही आली नाही.