अडीच फुटांची रेल्वे आणि तिचा वेडा इंजिनिअर

दिवाळीत किल्ला करता ना? माती कालवायची, पोत्यावर चिखल थापायचा, अळीव पेरायचे, मावळे मांडायचे आणि मग आख्ख्या गल्लीला बोलावून दाखवायचा. तुम्ही हे एकदा जरी केलं असेल, तरी रेल्वेचं मॉडेल हाताने बनवण्याचा छंद तुम्हाला नवा नाही. फरक इतकाच, की किल्ल्यावर मावळे जागच्या जागी उभे असतात आणि इथे गाडी धावते.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याने खेळण्यातली नाही, खरीखुरी रेल्वे बांधली. पण त्याची काम करायची पद्धत एखाद्या हाडाच्या मॉडेलरला शोभेल अशीच होती. त्याचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. इंदापूरहून टेंभुर्णीमार्गे कुर्डुवाडीला गेलात, की तुम्ही त्याच्या मुलखात पोचता. बार्शी लाइट रेल्वे ही त्याची निर्मिती.

आधी आपल्या गाडीबद्दल

दौंडहून बारामतीला आज ब्रॉडगेज गाडी येते. दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. पण पूर्वी याच मार्गावर नॅरोगेज होती आणि तिच्या रुळांमधलं अंतर होतं फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, गूळ वाढला. हा माल दौंडच्या मोठ्या लाइनपर्यंत न्यायला स्वस्तातली रेल्वे हवी होती. ती गरज या छोट्या गाडीने भागवली.

बारामतीची लाइन कॅलथ्रॉपने बांधलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण अडीच फुटांच्या रुळांवर भरपूर माल आणि माणसं वाहता येतात, हे त्याने त्याआधीच आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात करून दाखवलं होतं. पुलगाव-आर्वी, पाचोरा-जामनेर, मूर्तिजापूर-यवतमाळ या आपल्या राज्यातल्या बाकीच्या छोट्या गाड्याही याच मापाच्या. माथेरानची राणी तेवढी आणखी बारीक, दोन फुटांची.

शेतकऱ्याचा मुलगा

कॅलथ्रॉप जन्मला १८५७ मध्ये, इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका शेतकरी कुटुंबात. घरात भावंडं भरपूर. त्याचा एक भाऊ गाय कॅलथ्रॉप पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या बड्या रेल्वेचा जनरल मॅनेजर झाला. एव्हरार्ड मात्र हात काळे करत शिकला. १८७४ मध्ये तो क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागला. तिथे इंजिन कसं बनतं, डबा कसा जोडला जातो हे त्याने जवळून पाहिलं.

१८८२ मध्ये तो भारतात आला. मुंबईहून दौंड, भिगवण, सोलापूर अशी धावणारी जी जीआयपी रेल्वे होती, तिच्यात लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून. विचार करा, पंचविशीतला तरुण, परका देश आणि दिवसभर इंजिनांची तपासणी. पण त्याचं लक्ष मोठ्या लाइनपाशी थांबलं नाही. स्टेशनपासून लांब असलेल्या गावांचं काय, हा प्रश्न त्याला पडला. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी बाजारपेठ, पण मुख्य लाइनपासून सुमारे पस्तीस किलोमीटर दूर. माल सगळा बैलगाडीने यायचा.

तिथे ब्रॉडगेज टाकायची तर खर्च न परवडणारा. मग छोटी रेल्वे टाकली तर? कल्पना सोपी होती, ती पटवून देणं अवघड. सरकारदरबारी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. नोकरी सुटली, तो इंग्लंडला परतला, सल्लागार म्हणून काम करू लागला. पण बार्शी काही डोक्यातून गेली नाही. शेवटी १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली.

सगळ्या चाकांना एकच नियम

आता त्याची खरी हुशारी बघा. त्या काळी छोटी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची लहान नक्कल असायची. इंजिन जड, डबे चिमुकले. इंजिनाचं वजन पेलायला रूळ जाड टाकावे लागायचे आणि त्या जाड रुळांचा डब्यांना काहीच उपयोग नसायचा. पैसे वाया.

कॅलथ्रॉपने उलट्या बाजूने सुरुवात केली. त्याने आधी ठरवलं, की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, नियम सगळ्यांना सारखा. मग इंजिनाला ताकद हवी तर चाकं वाढवा, म्हणजे वजन वाटलं जाईल. डब्यात जास्त माल हवा तर डबा लांब करा आणि खाली बोगी लावा. डब्याचं स्वतःचं वजन कमी ठेवायला दाबून आकार दिलेलं पोलाद वापरा. असं केल्यावर मीटरला जेमतेम पंधरा किलोचे रूळ पुरले. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात, म्हणजे अंदाज येईल.

पण कागदावरचं गणित कोण मानणार? म्हणून त्याने १८९७ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीसाठी रूळ टाकले. त्यात मुद्दाम तीव्र वळणं घेतली, चढ घेतले. लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेलं बार्शीचं इंजिन आणि नवे कोरे डबे त्यावर आणले आणि रेल्वेतल्या जाणकारांना बोलावणं धाडलं, की या आणि डोळ्यांनी बघा. गाडी बोटीत चढून भारताकडे निघण्याआधीच तिची परीक्षा झाली, तीही चारचौघांत.

त्याच वर्षी बार्शीची गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरचं जाळं! किती पिढ्यांची वारी, लग्नं आणि बाजार त्या गाडीने केले असतील.

जिथे तो हरला

बार्शीचं यश बघून इंग्लंडमध्येही त्याला काम मिळालं. डोंगरदरीतली लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. मापं तीच, अडीच फूट. तिच्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचंच नाव दिलं होतं. पण तिथे ना मोठा बाजार होता, ना भरपूर प्रवासी. १९३४ मध्ये ती बंद पडली, इंजिनं भंगारात गेली. आज त्या मार्गावर लोक चालायला आणि सायकल फिरवायला जातात.

दुसरी हार याहून जिव्हारी लागणारी. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, हो, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकांचा जीव वाचवणारं पॅराशूट बनवायचा ध्यास घेतला. त्याला नाव दिलं गार्डियन एंजल, म्हणजे राखणदार देवदूत. पहिलं महायुद्ध पेटलेलं. १९१७ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. लोकांना खात्री पटावी म्हणून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी मारूनही दाखवण्यात आली. पद्धत तीच, न्यूलेची. बनवा, बोलवा, दाखवा.

या वेळी मात्र दाखवूनही उपयोग झाला नाही. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला त्याचं पॅराशूट वापरलं गेलं, पण विमान चालवणाऱ्या ब्रिटिश तरुणांना युद्ध संपेपर्यंत ते मिळालं नाही. पेटत्या विमानातून बाहेर पडायचा मार्गच नसलेले किती जण गेले. चांगली गोष्ट चांगली आहे हे सिद्ध केलं, की ती आपोआप स्वीकारली जाते असं नाही, हे त्याला असं कळलं.

तो १९२७ मध्ये गेला. मिरजेपर्यंत त्याची गाडी पोचली ते हेच वर्ष. १९५४ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सरकारने घेतली आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने तिची ब्रॉडगेज झाली. ते व्हायलाच हवं होतं. अडीच फुटांवरून आजची गर्दी जाणार कशी?

मग आता उरलं काय?

इथे तुमचा नंबर लागतो. इंग्लंडमधली ती मॅनिफोल्डची गाडी बंद पडून नव्वद वर्षं झाली, पण घराघरांतल्या टेबलांवर ती अजून धावते. तिकडच्या छंदी लोकांनी जुने फोटो आणि नकाशे गोळा करून तिची इंजिनं, डबे, स्टेशनं हाताने बनवली आणि प्रदर्शनांत मांडली. आपल्याकडेही हे घडलं आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी हौसेपोटी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना बघायला मिळतं. शाळेची सहल नेण्यासारखी जागा आहे.

पण बारामतीची नॅरोगेज? ती कोण बनवणार? लीड्सवाले नक्कीच नाही.

गणित करून बघू. जगभर सर्वाधिक चालणारं एक प्रमाण म्हणजे १:८७. खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान करायची. ७६२ ला ८७ ने भागा, उत्तर येतं पावणेनऊच्या आसपास. बाजारात नऊ मिलिमीटर रुंदीचे तयार मॉडेल-रूळ मिळतात, म्हणजे आपलं काम झालं. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात दोन सेंटिमीटरचाही भरत नाही. शंभर मीटरचा प्लॅटफॉर्म साधारण एकशे पंधरा सेंटिमीटरचा होतो.

आणि दौंड-बारामती हे सुमारे ४४ किलोमीटरचं अंतर? ते होतं पाचशे मीटर! एवढी खोली कोणाकडेच नसते. म्हणून निवड करावी लागते. एक स्टेशन घ्या, बारामती किंवा कटफळ. एक वळण, थोडा ऊस, एक विहीर. तेवढ्यात अख्खी लाइन आठवली पाहिजे.

सामान घरातच सापडेल. लग्नपत्रिकांचा जाड कागद डब्यांना. नालीदार पुठ्ठा कौलांना. वापरून धुतलेली, वाळवलेली चहापत्ती म्हणजे आपली काळी जमीन. चाळलेली बारीक वाळू रुळांखालच्या खडीला. झाडूच्या काड्या उसाला. चिकटवायला फेव्हिकॉल. इंजिन चालवायची घाई करू नका. आधी गाडी हाताने ढकलून सगळीकडून नीट जाते का ते बघा.

आणि इथे कॅलथ्रॉपची युक्ती वापरा. तुमच्या टेबलावर सगळ्यात अवघड जागा म्हणजे सगळ्यात तीव्र वळण. पहिल्यांदा तेवढंच एका फळीवर करा. जो डबा त्या वळणावरून न अडखळता जातो, तीच तुमच्या डब्यांची लांबी. आधी देखणे लांब डबे बनवले आणि मग ते वळणावर घसरले, तर महिनाभराची मेहनत पाण्यात.

खरी अडचण सामानाची नाहीच, माहितीची आहे. डब्यांचा रंग कोणता होता? बाकडी कशी होती? तिकीटघर कुठल्या बाजूला? हे सगळं तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या मोठ्या माणसांना आठवतं, कारण ते त्या गाडीत बसलेले आहेत. आजोबा, आत्या, शेजारचे निवृत्त रेल्वेवाले काका. त्यांना विचारा, लिहून घ्या, जुन्या अल्बममध्ये मागे कुठे डबा दिसतोय का ते शोधा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा. हे काम दहा वर्षांनी करू म्हणाल, तर विचारायला माणसं नसतील.

आणि झालेलं मॉडेल माळ्यावर टाकू नका. गणपतीच्या आराशीत मांडा, शाळेच्या प्रदर्शनात न्या, मंडळाच्या देखाव्यात ठेवा. बघायला आलेल्या एखाद्या आजी हमखास सांगतील, की अगं, पाण्याची टाकी इकडे नव्हती, तिकडे होती. वाईट वाटून घेऊ नका. टाकी उचला आणि तिकडे ठेवा.