मोनिझ यांचे थोर काम आणि त्यांचे पारितोषिक

कवटीच्या आतील गाठ नेमकी कोठे आहे हे न कळणे, ही विसाव्या शतकाच्या आरंभी मज्जाविकारतज्ज्ञांपुढील मोठी अडचण होती. क्ष-किरणांच्या चित्रात हाड उमटे, मेंदू उमटत नसे. रुग्णाचा हात लुळा पडला की दृष्टी मंदावली, यावरून अर्बुदाच्या जागेचा तर्क करावयाचा आणि त्या भरवशावर कवटी उघडावयाची, असा तो काळ. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांचे चित्र घेण्याची पद्धत काढली खरी. परंतु तिच्यासाठी कवटीला छिद्र पाडावे लागे. हाडाला हात न लावता आत पाहण्याची वाट दाखविली ती पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी.

मोनिझ यांचा जन्म १८७४ चा, आवांका या गावचा. १९११ मध्ये ते लिस्बन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तथापि उमेदीची बरीच वर्षे राजकारणात गेली. संसद सदस्य, माद्रिद येथील राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री अशी त्यांची चढती कमान होती. एरवी माणूस आठवणी लिहावयास बसतो त्या वयात, पन्नाशी उलटल्यावर, हे गृहस्थ संशोधनाकडे वळले. तेही गाउटने बोटे वाकडी झालेली असताना! सुई धरण्याचे काम त्यांचे तरुण सहकारी आल्मेइदा लिमा यांना करावे लागे.

कल्पना साधी होती. मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना अडविणारा द्रव सोडावा, म्हणजे मेंदूतील रक्तवाहिन्यांचे जाळे चित्रात उमटेल. आणि हे जाळे जेथे बाजूस रेटले गेले असेल तेथे गाठ असली पाहिजे. आधी शवांवर व कुत्र्यांवर प्रयोग झाले. पुढे रुग्णांवर स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले, तेव्हा एक रुग्ण दगावला. मग सोडियम आयोडाइड घेतले, आणि २८ जून १९२७ रोजी पोषग्रंथीचे अर्बुद असलेल्या एका तरुणाच्या मेंदूतील वाहिन्या प्रथम स्वच्छ दिसल्या. इतिहासाने यशाची तारीख जपली. दगावलेला रुग्ण मात्र एका ओळीत आटोपतो, हे खटकल्यावाचून राहत नाही.

पुढे वापरात आलेले थोरोट्रास्ट हे द्रव्य तर अधिकच घातक निघाले. त्याने चित्रे सुरेख येत. पण त्यातील किरणोत्सर्गी थोरियम यकृतात साचून राही आणि कित्येकांना दशकांनंतर कर्करोग जडला.

मोनिझ यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते या शोधासाठी नव्हेच. १९३५ मध्ये मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याची जी शस्त्रक्रिया त्यांनी सुरू केली, तिच्यासाठी ते होते. त्या शस्त्रक्रियेने कित्येकांचे व्यक्तिमत्त्वच हिरावून घेतले, आणि नवी औषधे येताच ती मागे पडली. निवड समितीने त्यांच्या दोन कामांपैकी नेमके चुकीचे उचलले, असे आम्हांस वाटते.

१९५५ मध्ये मोनिझ निवर्तले. १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात सीटी यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूतील गाठ दाखविली आणि केवळ गाठ शोधण्यासाठी रोहिणीत द्रव सोडण्याचे कारण बव्हंशी उरले नाही. फुगलेल्या वा तुंबलेल्या रक्तवाहिन्यांसाठी मात्र अँजिओग्राफी आजही होते. आता एमआरआयच्या चित्रात गाठीची कड स्पष्ट दिसते. परंतु ग्लायोमासारख्या अर्बुदाच्या पेशी त्या कडेच्या पलीकडे, निरोगी दिसणाऱ्या मेंदूत, पसरलेल्या असतात. तेवढा प्रदेश अद्याप चित्राबाहेरच आहे.