धुराडे हुबेहूब हवे

चित्रकलेच्या तासाला मुलाला आगगाडी काढायला सांगा. तो पुढे एक इंजीन काढील, त्यावर उभे धुराडे, धुराड्यातून निघणारी धुराची वेलांटी आणि मागे खिडक्याखिडक्यांचे चार डबे. हे इंजीन कुठल्या रेल्वेचे, त्याला चाके किती, धुराड्याचा काठ सरळ की बाहेर वळलेला, असे त्याला कोणी विचारीत नाही. आगगाडी म्हणून ओळखू आली, की दहापैकी आठ गुण!

एकोणिसावे शतक संपत आले तरी युरोपातले खेळण्यांचे कारखानदार याच हिशेबाने चालत. जर्मनीतले न्यूरेंबर्ग ही खेळण्यांची राजधानी. तिथल्या पत्र्याच्या आगगाड्या मजबूत, चकचकीत, कामाला सफाईदार. पण त्या कुठल्याच रेल्वेच्या नसत. मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये रुळांमधल्या अंतराची ठरावीक मापे मांडली. रुळांना माप मिळाले, पण गाडीला चेहरा मिळाला नाही. तो मिळवून देण्याचा ध्यास ज्याने घेतला, त्या माणसाची ही हकीकत.

त्याचे नाव वेनमन जोसेफ बॅसेट-लोक. जन्म २७ डिसेंबर १८७७ चा, इंग्लंडच्या मध्यावरील नॉर्थॅम्प्टन गावातला. हे गाव बुटांच्या कारखान्यांचे. वडिलांचा मात्र बॉयलर आणि यंत्रदुरुस्तीचा धंदा. मुलगा तिथेच तेलात हात काळे करीत वाढला. त्या काळी इंग्लंडात फावल्या वेळात घरी लेथ चालवून चिमुकली वाफेची इंजिने बनवणाऱ्यांची एक जातच तयार होत होती. १८९८ मध्ये त्यांच्यासाठी ‘मॉडेल इंजिनीयर’ नावाचे नियतकालिकही निघाले. या लोकांना सिलिंडर, झडपा, चाके असे सुटे भाग हवे असत आणि ते कुठे मिळतील हे ठाऊक नसे. विशी ओलांडता ओलांडता बॅसेट-लोकने हेरले, की हाच धंदा. त्याने टपालाने माल पाठवायला सुरुवात केली. पहिल्या सूचिपत्रात चित्रे छापली नाहीत, तर वस्तूंचे खरे फोटो चिकटवले! गिऱ्हाइकाला जे मिळणार तेच दिसले पाहिजे. माणसाचा स्वभाव त्या चिकटवहीतच कळतो.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तिथे त्याने न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीचा माल पाहिला. दुसरा एखादा देशाभिमानी इंग्रज असता तर नाक मुरडून निघाला असता किंवा आहे तोच माल बोटीत भरून घरी आला असता. बॅसेट-लोकने तिसराच विचार केला. हात जर्मन कारागिराचा, पण नकाशा इंग्रजी इंजिनाचा. बिंग घराण्यातल्या श्टेफान बिंगशी त्याचा परिचय झाला आणि पुढे तो आयुष्यभर टिकला.

नकाशे काढायला त्याला माणूस मिळाला हेन्री ग्रीनली. लंडनच्या मेट्रोपोलिटन रेल्वेच्या रेखन विभागात काम केलेला. खऱ्या इंजिनाचा नकाशा पुढ्यात घेऊन त्याचे लहानसे रूप कसे बसवायचे, हे त्याच्याइतके जाणणारा त्या काळी क्वचितच असेल. नॉर्थॅम्प्टनच्या भागात लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची सत्ता होती. तिच्या ‘ब्लॅक प्रिन्स’ या इंजिनाची प्रतिकृती नव्या शतकाच्या पहिल्या एकदोन वर्षांतच बिंगकडून तयार होऊन आली. त्या रेल्वेची इंजिने काळी. पण नुसती काळी नव्हेत. त्यावर लाल, साय-रंगाच्या आणि करड्या बारीक रेघा. डबे वरच्या अंगाला दुधाळ आणि खाली गर्द जांभळट. स्टेशनावर रोज ही गाडी पाहणाऱ्या पोराला दुकानाच्या काचेआड तीच गाडी दिसली, तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे सांगायला कादंबरीकार कशाला हवा?

धुराड्याचा काठ जरा वेगळा असला, तर बिघडते कुठे? वाचक हा प्रश्न विचारणार आणि तो रास्त आहे. मी बँकेत उमेदवारी करीत होतो तेव्हा मलाही असाच प्रश्न पडे. लेजरची बाकी जुळत नसे. फरक किती? तर नव्वद पैसे. मी खिशातून रुपया काढून द्यायला तयार असे. पण आमचे हेडक्लार्क संध्याकाळचे आठ वाजले तरी कुणाला उठू देत नसत. त्यांचे म्हणणे, नव्वद पैशांमागे दोन मोठ्या चुका एकमेकींना पाठीशी घालून बसलेल्या असू शकतात. ते फरकाला आधी नऊने भागून पाहत. भाग गेला, तर लिहिताना आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय. छत्तीसचे त्रेसष्ट झाले असणार. नव्वदला नऊने भाग जातो आणि चूक खरोखरच तशी सापडे. धुराड्याचेही तसेच आहे. इंजीन बांधणारा प्रत्येक मुख्य अभियंता आपल्या धुराड्याला, घुमटाला, चाकांवरच्या झाकणांना आपले वळण देई. जाणत्याला धुराडे पाहून इंजीन कुणाचे हे समजे. ते चुकले म्हणजे हस्ताक्षर चुकले.

मात्र बॅसेट-लोक आणि ग्रीनली यांचे खरे कसब पुढे आहे. सगळेच हुबेहूब करता येत नाही! सुमारे साडेत्रेचाळीस पटींनी लहान केलेली गाडी घ्या. इंग्लंडात हे माप फार चालले. एका फुटाला सात मिलिमीटर. खऱ्या लोहमार्गाचे चारशे मीटर त्रिज्येचे वळण या मापात नऊ मीटरांहून जास्त त्रिज्येचे होते. एवढा दिवाणखाना कुणाचा? म्हणून वळण आवळावे लागते. वळण आवळले की डबे एकमेकांना घासतात, म्हणून त्यांच्यातले अंतर वाढवावे लागते. चाकाची आतली कड मापात केली तर ती इतकी बारीक होते, की सांध्यावर गाडी घसरलीच म्हणून समजा. म्हणून कड जाड करायची. वेगाचे तर विचारूच नका. ताशी शंभर किलोमीटर धावणारी गाडी मापानुसार ताशी सव्वादोन किलोमीटरने जायला हवी. म्हणजे संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेल्या आजोबांपेक्षाही हळू. कुठला नातू हे सहन करील?

तेव्हा चूक करायचीच आहे. कुठे करायची आणि कुठे मुळीच नाही, हे ठरवायचे. बँकेत ज्या रकमेचे खाते तूर्त लागत नाही, ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. फरक लपवायचा नाही, सर्वांच्या देखत एका जागी ठेवायचा. ग्रीनलीने लहान गाड्यांचे सस्पेन्स खाते उघडले, असे मी म्हणेन. सर्वांत मोठी रक्कम त्यात पडली ती १९२२ च्या सुमारास. बिंगने टेबलावर मावेल अशी छोटी गाडी काढली आणि तिच्या निमित्ताने सोळा-साडेसोळा मिलिमीटर अंतराच्या रुळांचा प्रघात पडला. या रुळांना खरे शोभणारे माप फुटाला साडेतीन मिलिमीटर. पण इंग्रजी इंजिने मुळातच अंगाने लहान. त्या मापात त्यांच्या पोटात यंत्र मावेना. म्हणून वरचे अंग फुटाला चार मिलिमीटरने बांधायचे आणि खालचे रूळ तसेच ठेवायचे, असे ठरले. या हिशेबाने इंग्लंडचा चार फूट साडेआठ इंची लोहमार्ग चार फूट दीड इंचांचा होतो. सात इंच गायब! ब्रिटनमधल्या घराघरांतून आजही बहुतेक गाड्या याच सात इंचांच्या तुटीवर धावतात. तूट सोसवली नाही, त्यांनी पुढे १८.८३ मिलिमीटरचे अचूक रूळ हाताने घडवायला घेतले. त्यात संसार, डोळे आणि रविवार खर्ची पडतात.

आपल्याकडच्या शौकिनाची कथा याहून अवघड. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचा, युरोपच्या १४३५ पेक्षा बराच रुंद. सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेली आपली गाडी १९ मिलिमीटरांहून थोड्या जास्त अंतराच्या रुळांवर हवी; बाजारात मिळतात साडेसोळाचे. त्यामुळे डेक्कन क्वीन मापात करायची, तर धोतर नेसलेल्या भारदस्त गृहस्थाने पोराच्या वहाणा घालाव्यात तसे होते. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे गेलात तर गाड्यांबरोबर रुळांकडेही बघा.

आणखी एक अडचण असते, ती काळाची. १ जानेवारी १९२३ रोजी ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न नाहीशी झाली. काळी इंजिने, दुधाळ-जांभळे डबे रंगांसकट इतिहासजमा व्हायला लागले. तेव्हापासून शौकिनाला नुसते कुठले इंजीन एवढे विचारून भागेना. कुठल्या सालचे, हेही ठरवावे लागले. कादंबरी लिहिणाऱ्याला हे दुखणे ओळखीचे आहे. माझ्या पात्राला १९६२ साली पुण्याहून कोल्हापूरला पाठवायचे, तर त्याला मीटरगेजच्या अरुंद डब्यातच बसवले पाहिजे; ब्रॉडगेज तिकडे गेला १९७१ च्या सुमारास. वाचकाला ते कळो न कळो, पात्राला कळते.

बॅसेट-लोकचा व्याप खेळण्यांपुरता नव्हता. मुलांना आत बसता येईल अशा पंधरा इंची रुळांच्या गाड्याही त्याने चालवल्या. ग्रीनलीने आखलेले ‘लिटल जायंट’ हे इंजीन १९०५ मध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी धावू लागले. १९१५ मध्ये त्याने आणि त्याच्या भागीदाराने रॅव्हनग्लासची बंद पडलेली डोंगरी रेल्वे भाड्याने घेऊन पंधरा इंची केली. ती आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कारखान्याने नौदलासाठी एका इंचाला शंभर फूट मापाची जहाजे बनवली. नॉर्मंडीच्या चढाईसाठी बांधायच्या तरंगत्या ‘मलबेरी’ बंदराच्या प्रतिकृतीही तिथेच झाल्या. तिथे हुबेहूब या शब्दाचा अर्थ माणसांच्या प्राणांशी जोडलेला होता.

गंमत अशी, की जुन्या इंजिनांचे रूप रेघेरेघेने जपणाऱ्या या माणसाला राहायला मात्र अगदी नवे घर हवे असे. १९१७ मध्ये त्याचे लग्न झाले. त्याआधी डर्नगेट रस्त्यावरचे अरुंद, अंधारे, चाळवजा घर त्याने चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या स्कॉटिश वास्तुकाराकडून आतून पार पालटून घेतले. पाहुण्यांच्या खोलीत भिंतीपासून छतापर्यंत काळेपांढरे पट्टे. तिथे बर्नार्ड शॉ मुक्कामाला होता. पट्ट्यांनी झोप तर मोडणार नाही ना, अशी यजमानीणबाईंना काळजी. त्यावर आपण डोळे मिटून झोपतो असा खुलासा शॉने केल्याचे सांगतात! पुढे १९२६ मध्ये बॅसेट-लोकने दुसरे घर बांधले. वास्तुकार निवडला पीटर बेहरेन्स. जर्मन.

या निवडीला पार्श्वभूमी आहे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि न्यूरेंबर्गचा पुरवठा एका रात्रीत तुटला. जर्मन माल हा शब्दच इंग्लंडात शिवीसारखा झाला. ज्याच्या दुकानाचा पाया त्या मालावर उभा, त्याची काय स्थिती झाली असेल? पत्र्याच्या गाड्या आता गावातच बनवणे भाग पडले. युद्ध संपल्यावर मने इतक्या सहजी निवळली नाहीत. पण बॅसेट-लोकने न्यूरेंबर्गचा धागा पुन्हा जोडला. तो समाजवादी विचारांचा, गावच्या नगरपालिकेत निवडून गेलेला. कारागिराला देश नसतो असे तो मानत असावा. १९३३ नंतर जर्मनीत ज्यूंवर गदा आली. न्यूरेंबर्गचा ज्यू खेळणी-उत्पादक फिलिप उलमन इंग्लंडात आला आणि त्याची ‘मेटॉय’ कंपनी नॉर्थॅम्प्टनमध्ये बॅसेट-लोकच्या गोटातल्या कारखान्याच्या आवारात सुरू झाली. श्टेफान बिंगलाही मायदेश सोडून इंग्लंड गाठावे लागले. पॅरिसच्या प्रदर्शनातली ओळख अशी कामी आली. मला विचाराल, तर धुराड्यांइतकाच हाही हिशेब त्याने चोख ठेवला.

धंद्यात मात्र तो मागे पडला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बीने १९२० पासून स्वस्त, चावीच्या, साध्यासुध्या गाड्या काढल्या आणि मध्यमवर्गीय घरे काबीज केली. बॅसेट-लोकची गाडी डॉक्टर-वकिलांच्या पोरांना, खरे तर पोरांच्या नावाखाली डॉक्टर-वकिलांनाच परवडणारी. २१ ऑक्टोबर १९५३ रोजी तो नॉर्थॅम्प्टनलाच वारला. मूलबाळ नव्हते. दहाबारा वर्षांत दुकानेही आवरली गेली. डर्नगेटचे घर दुरुस्त होऊन २००३ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

नाव तेवढे विकले जात राहिले. १९९६ मध्ये ते कॉर्गीने घेतले. म्हणजे ज्या मेटॉयने कॉर्गीच्या मोटारी काढल्या, तिच्याच वारसाने. २००८ मध्ये कॉर्गीसकट ते हॉर्न्बी कंपनीकडे गेले. त्या कंपनीने २०२० मध्ये बॅसेट-लोक या नावाने नवी इंजिने बाजारात आणली. अंगावर दातेरी चक्रे, पितळी नळ्या, अद्भुत कथांत शोभतील अशी. ती कुठल्याही रेल्वेवर कधी धावलेली नाहीत. त्यामुळे त्यांचे धुराडे चुकीचे आहे, असे कोणालाच म्हणता येत नाही.