बँडवाल्याच्या पोराने थर्मामीटर रंगांच्या बाहेर ठेवला, म्हणून आज काळोखात वाघ दिसतो

थंडीची रात्र आहे. लातूर-नांदेडकडच्या एखाद्या शिवारात हरभरा घाट्यावर आलाय. शेतकरी माळ्यावर जागलीला बसलाय. हातात बॅटरी, शेजारी वाजवायला पत्र्याचा डबा. बॅटरीचा झोत जातो तिथपर्यंतच त्याला दिसतं. त्याच्या पलीकडे रानडुकरांचा कळप आहे, रोही आहे की नुसतंच झुडूप, हे कळायला मार्ग नसतो.

आता त्याच माणसाच्या हातात थर्मल कॅमेरा दिला तर?

काळ्या पडद्यावर पांढरे आकार दिसायला लागतात. चार पायांचे, हलणारे. ना चंद्र लागतो, ना बॅटरी. जनावराच्या अंगातून जी ऊब बाहेर पडते, तिचंच चित्र तयार होतं.

अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यात रात्री रानडुकरांची शिकार करणारे लोक बंदुकीवर अशा दुर्बिणी लावून फिरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार बंद आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय पिकात घुसलेल्या रानडुकरालाही मारता येत नाही. त्यामुळे इथे हे तंत्र शिकारीपेक्षा शोधासाठी जास्त कामाला येतं. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१८ साली अवनी वाघिणीला शोधायला थर्मल ड्रोन उडवले होते, ते अनेकांना आठवत असेल.

पण ही ऊब बघायची कल्पना मुळात आली कुठून?

तर त्याची सुरुवात होते एका बँडवाल्याच्या घरातून. त्या घरातल्या पोराचं नाव विल्यम हर्शेल. युरेनस ग्रह शोधणारा तोच हा हर्शेल.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्कराच्या बँडमध्ये ओबो नावाचं वाद्य वाजवायचे. पोरगंही चौदा-पंधराव्या वर्षी त्याच बँडमध्ये लागलं. पण १७५७ मध्ये हास्टेनबेकची लढाई झाली, फ्रेंचांनी हॅनोव्हर घेतलं आणि वडिलांनी दोन पोरांना इंग्लंडला पाठवून दिलं. विल्यम तेव्हा १९ वर्षांचा होता. खिशात पैसे नव्हते, ओळखपाळख नव्हती. संगीताच्या वह्यांच्या नकला करून तो पोट भरायला लागला.

पण गडी चिकाटीचा. शिकवण्या घेतल्या, कार्यक्रम केले, गावोगाव फिरला. १७६६ मध्ये बाथ नावाच्या शहरात एका चर्चमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली. त्याने २४ सिंफनी लिहिल्या. बाथमध्ये त्याचं चांगलं बस्तान बसलं. १७७२ मध्ये त्याने धाकटी बहीण कॅरोलाईन हिला हॅनोव्हरहून बोलावून घेतलं. तिला गायिका करायचा त्याचा विचार होता.

इथे गोष्ट फिरली.

संगीतातलं गणित समजून घ्यायला त्याने एका लेखकाचं पुस्तक वाचलं. त्याच लेखकाचं प्रकाशावरचं दुसरं पुस्तक हातात आलं आणि हर्शेलला आकाशाचं वेड लागलं. मोठी दुर्बीण विकत घेणं परवडत नव्हतं. मग त्याने ठरवलं, आपणच करायची.

त्या काळी दुर्बिणीतला आरसा काचेचा नसायचा. तांबं आणि कथील वितळवून तबकडी ओतायची आणि हाताने घासून चकाकी आणायची. घासताना मध्ये हात थांबला तर आरसा बिघडायचा. एकदा हर्शेल सलग सोळा तास घासत बसला होता. कॅरोलाईन शेजारी बसून त्याला घास भरवत होती.

१७८१ मध्ये तर कहर झाला. मोठा आरसा ओतायला त्याने घराच्या तळघरात भट्टी लावली. साचा मातीत घोड्याची लीद मिसळून केला होता. भट्टीला तडा गेला, वितळलेला धातू फरशीवर सांडला आणि तापलेले दगड फुटून छतापर्यंत उडाले. सगळे जीव मुठीत धरून बाहेर पळाले.

पण त्याआधीच, १३ मार्च १७८१ च्या रात्री, घरामागच्या बागेत दुर्बीण लावलेली असताना त्याला एक विचित्र तारा दिसला होता. ताऱ्यासारखा तो ठिपका नव्हता, छोटी चकती होती. हर्शेलला वाटलं धूमकेतू असेल. गणितज्ञांनी कक्षा काढली तेव्हा कळलं की हा शनीच्या पलीकडचा ग्रह आहे. माणसाला हजारो वर्षं माहीत असलेल्या ग्रहांच्या यादीत पहिल्यांदाच भर पडली होती, आणि ती टाकली होती एका वादकाने.

राजा तिसरा जॉर्ज खूश झाला. वर्षाला २०० पौंड मानधन सुरू झालं आणि हर्शेलची शिकवण्यांमधून सुटका झाली. पुढे त्याने स्लाव या गावी ४० फुटी दुर्बीण उभी केली. १७८९ मध्ये ती तयार झाली. तिचा आरसा सव्वा मीटरच्या आसपास होता. शनीचे दोन आणि युरेनसचे दोन उपग्रह त्याने शोधले. गाण्यासाठी आणलेल्या कॅरोलाईनने आठ धूमकेतू शोधले आणि तिलाही राजाकडून वर्षाला ५० पौंड मिळायला लागले.

एवढ्यावर थांबला असता तरी हर्शेलचं नाव राहिलंच असतं. पण थर्मल कॅमेऱ्याची गोष्ट घडली ती १८०० साली. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता.

हर्शेल दुर्बिणीतून सूर्य बघायचा. डोळे भाजू नयेत म्हणून रंगीत, काळसर काचा लावायचा. त्याच्या लक्षात आलं की काही काचांतून उजेड कमी येतो, तरी डोळ्याला चटका बसतो. काहींतून उजेड भरपूर येतो, पण चटका नाही. दुसरा कोणी असता तर त्याने काच बदलून काम पुढे चालू ठेवलं असतं. हर्शेलला प्रश्न पडला, सूर्याच्या प्रकाशातल्या सगळ्या रंगांत उष्णता सारखीच असते का?

त्याने लोलकातून सूर्यप्रकाश सोडला. टेबलावर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांचा पट्टा पडला. थर्मामीटरचा फुगा काळा करून त्याने तो एकेका रंगात ठेवला. तुलनेसाठी बाकीचे थर्मामीटर बाजूला, सावलीत ठेवले.

जांभळ्या रंगात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला. हिरव्यात सव्वातीन. तांबड्यात जवळजवळ सात.

म्हणजे तांबड्याकडे जावं तशी उष्णता वाढत होती. मग तांबडा संपतो तिथे ती अचानक कशी संपेल? हर्शेलने थर्मामीटर आणखी सरकवला. तांबड्या कडेपासून अर्धा इंच बाहेर, जिथे डोळ्याला कुठलाच रंग दिसत नव्हता.

तिथेही पारा चढला.

दिसत काहीच नव्हतं, पण सूर्याकडून काहीतरी येत होतं. मग त्याने मेणबत्ती, लालबुंद लोखंड, शेगडीची धग, सगळ्यावर प्रयोग केले. ही न दिसणारी उष्णताही आरशावरून परत फिरते, भिंगातून वाकते, हे त्याला आढळलं. आज आपण या किरणांना अवरक्त किरण किंवा इन्फ्रारेड म्हणतो.

हर्शेलचं सगळंच बरोबर होतं असं नाही. सूर्यावर वस्ती असावी असं त्याला खरंच वाटायचं. आणि १८०० सालच्याच प्रयोगांनंतर तो या निष्कर्षावर आला की प्रकाश आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे तो चुकला. दोन्ही एकाच जातीचे किरण आहेत, फक्त त्यांच्या लहरींची लांबी वेगळी, हे सिद्ध व्हायला पुढची अनेक दशकं गेली. पण पारा चढला होता, ही नोंद मात्र कुणालाच खोडता आली नाही.

२५ ऑगस्ट १८२२ ला हर्शेल गेला. वय ८३ वर्षं ९ महिने. त्याने शोधलेल्या युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात.

त्याचं काम पुढे घरातूनच सरकलं. मुलगा जॉन हर्शेल याने १८४० मध्ये काजळी लावलेला कागद स्पिरिटमध्ये भिजवून त्यावर सूर्यकिरण पाडले. जिथे उष्णता जास्त, तिथे कागद आधी सुकला. उष्णतेने काढलेलं ते पहिलं चित्र. मग १८८० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल लँगली याने बोलोमीटर नावाचं उपकरण केलं. पुढे ते सुधारत गेलं, तेव्हा पाव मैलावर उभ्या असलेल्या गाईच्या अंगची उष्णता त्याने टिपता येते असं सांगितलं जायचं.

आजच्या अनेक थर्मल कॅमेऱ्यांत याच बोलोमीटरची अतिसूक्ष्म रूपं हजारोंच्या संख्येने एका चिपवर बसवलेली असतात. जनावराच्या अंगातून निघणारे किरण साध्या काचेतून पार होत नाहीत, म्हणून भिंग बहुतेक वेळा जर्मेनियम या महागड्या पदार्थाचं असतं. कॅमेरा महाग असण्याचं हे एक कारण.

आणि हा कॅमेरा म्हणजे जादू नाही. तो भिंतीपलीकडचं बघत नाही, दाट पानोळ्यामागचंही नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात तर त्याची परीक्षाच असते. दुपारी जमीन आणि दगड जनावराच्या अंगाइतकेच किंवा त्याहून जास्त तापलेले असतात, त्यामुळे जनावर त्यात मिसळून जातं. खडक रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. सगळ्यात स्वच्छ चित्र मिळतं ते पहाटे, रान थंड पडल्यावर.

त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. लांबून बघितलं तर पडद्यावर फक्त एक उबदार ठिपका असतो. तो डुकराचा, वासराचा, की पलीकडच्या शेतात जागलीला बसलेल्या माणसाचा, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून थर्मल दुर्बिणीने शोधायचं, पण नक्की काय आहे ते ओळखल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, हा जाणत्या शिकाऱ्यांचा पहिला नियम आहे.

पण ओळख पटल्यानंतर काय करायचं, हे कॅमेरा सांगत नाही.

अवनीच्या शोधात थर्मल ड्रोन होते, ट्रॅप कॅमेरे होते, माग काढणारी माणसं होती. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली आणि ते योग्य की अयोग्य यावर देशभर वाद झाला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात दिसला. तेव्हा खटपट सुरू झाली ती त्याला जिवंत पकडून सुरक्षित जागी न्यायची.

दोन्ही वाघांच्या अंगातून निघणारी ऊब एकाच जातीची होती. दोनशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या वादकाच्या टेबलावर, रंग संपतात त्याच्या अर्धा इंच पुढे, तिची पहिली नोंद झाली होती.