लक्ष्मीबाई टिळकांचं हसू



आपल्यापैकी बहुतेकांची मुलं आता विशी-पंचविशीत आहेत. ती सुखी होतील ना, हा विषय आपल्या गप्पांत हटकून निघतो. अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईचे वडील फाशी गेले आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने पछाडलं. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा त्या घरात धुतलं जाई. पोरींना भीतभीतच वावरावं लागे. १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, मनाने उदार, पण रागीट. हातात पैसा टिकत नसे, न सांगता घर सोडून जात. मात्र बायकोला लिहा-वाचायला त्यांनीच शिकवलं.

१८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. तेव्हा लक्ष्मीबाई अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी लहानगा दत्तू. त्या काळात त्या पार खचल्या होत्या. त्यांचा विनोदी स्वभावही एकटा पुरला नसता. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आधार दिला. हळूहळू त्या सावरल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे स्वतःला पटल्यावरच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या पश्चात त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पूर्ण केलं.

‘स्मृतिचित्रे’ मी अनेकदा वाचलं आहे. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, स्वतःची फजिती, सगळं त्या हसत सांगतात. कुणाला दोष देत बसत नाहीत. पण दुःख झाकतही नाहीत.

मला त्यातून एवढंच कळलं, की हसरा स्वभाव ही मोठी शिदोरी खरी. पण ती पुरवून खायला वाटेत एखादं मायेचं घर लागतं. आपली मुलं कधी खचली, तर ‘तुझा स्वभावच असा’ म्हणून त्यांना मोकळं सोडू नये. लक्ष्मीबाईंच्या बहिणीसारखं दार उघडं ठेवावं. आपल्याच मुलांसाठी नव्हे, एकमेकांच्या मुलांसाठीसुद्धा. आपण इतक्या वर्षांनी पुन्हा जमलो आहोत, तर तेवढं नक्की करू शकतो.